आतोबा आणि पायलीवरची शीग

एखाद्या माणसावर अफरातफरीचा आळ आल्याशिवाय आमच्या आतोबांना त्याच्याविषयी खरी आपुलकी वाटत नसे. तोवर तो माणूस म्हणजे बाजारात दिसणारा, "काय, बरं ना?" एवढं विचारून पुढे जाण्याजोगा एक सामान्य इसम. पण त्याच्या दप्तराला सील लागलं, साहेबानं त्याला घरी बसवलं, शेजाऱ्यांनी त्याच्या ओटीवर येणं बंद केलं, की आतोबांच्या लेखी त्याचा जन्म होई. मग त्याच्या मुलाबाळांची नावं, त्याची पित्तप्रकृती, त्याची सही करण्याची लकब, सगळं आतोबांना तोंडपाठ. अशा माणसाला ते कधीही आरोपी म्हणत नसत. पाहुणा म्हणत. "आज रोह्याला माझा एक पाहुणा आहे," असं ते म्हणाले की समजायचं, कलम चारशे नऊ आहे. माझ्या आत्यानं लग्नानंतरची पहिली दोन वर्षं अशा पाहुण्यांना खरे पाहुणे समजून गोडाचं केलं होतं, आणि खरी गोष्ट कळल्यावरही ते बंद केलं नाही, कारण तोवर तिलाही सवय झाली होती.

आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान, पेशानं वकील. बिऱ्हाड पेणला, तारखा पेणला आणि रोह्याला. मी रोह्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. नव्वदच्या आसपास मी हप्त्यानं एक स्कूटर घेतली आणि त्या दिवसापासून ती आतोबांची झाली. मला ते 'चित्रकार' म्हणत, पण माझ्या चित्रांत त्यांना काडीचाही रस नव्हता. त्यांना माझ्याकडून हवे असत ते नकाशे: गोडाऊनचं दार कुठे, कारकुनाचं टेबल कुठे, त्या टेबलावरून दार दिसतं का. पंधरा वर्षांच्या नोकरीत मी काढलेली सगळ्यात चांगली चित्रं कोर्टाच्या फायलींत पडून आहेत, असं मी मोठ्या मनानं म्हणतो. प्रत्यक्षात त्यांतल्या एका नकाशावर सरकारी वकिलांनी चहाचा कप ठेवलेला मी स्वतः पाहिला आहे.

खून, मारामारी, बांधावरची भांडणं असलं काही आतोबा घेत नसत. त्यांना त्यात बघण्यासारखं काही वाटतच नसे. "दोन माणसं आणि एक काठी. त्यात वकिलाचं काय काम? डॉक्टरला बोलवा," म्हणायचे. त्यांना हवा असे तो खुर्चीवर बसून झालेला गुन्हा. सही, शिक्का, रजिस्टर, पावतीपुस्तक. कारखाने आले, सोसायट्या वाढल्या, गावोगाव योजना निघाल्या आणि असे गुन्हेही वाढले, तेव्हा पेणच्या बाररूममधले बाकीचे वकील आतोबांना म्हणाले, "तुमचं नशीब उघडलं." आतोबांचं काहीही उघडलं नाही. कारण त्यांची काम करण्याची रीतच अशी होती की वर्षाकाठी चार-पाच केसेसच्या वर त्यांना झेपतच नसत.

ती रीत अशी. ज्या खुर्चीवर बसून गुन्हा झाला म्हणतात, त्या खुर्चीवर, किंवा तसल्याच दुसऱ्या एखाद्या खुर्चीवर, स्वतः बसून ते काम चार दिवस केल्याशिवाय आतोबा वकीलपत्रावर सही करत नसत. एकदा बनावट पावतीवर शिक्का मारल्याचा आळ आलेल्या टपालाच्या एका कारकुनाचा मामला आला. आतोबांनी ओळखीच्या एका पोस्टमास्तरांच्या हातापाया पडून त्यांच्या मागच्या खोलीत बसून दिवसभर जुन्या पाकिटांवर शिक्के मारले. सहा दिवस. सातव्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. आत्यानं ताटात पापड वाढला आणि आतोबांनी वरण कालवता कालवता, कुणाशी तरी बोलत, त्या पापडावर मूठ हाणली. पापडाचा चुरा झाला. आत्यानं दुसरा वाढला. त्याचंही तेच झालं. तिसरा तिनं हातात दिला. पण त्या पापडांतूनच आतोबांना समजलं की दोन तास शिक्के मारल्यावर माणूस शिक्का मारतो आहे हेच विसरतो, समोर काय आहे ते बघत नाही. ती केस त्यांनी तेवढ्यावर सोडवली.

आता कुणाला वाटेल की आतोबा भोळे होते. मुळीच नव्हते. वडखळजवळच्या एका वजनकाट्यावरच्या कारकुनाची केस आली तेव्हा आतोबा काळा कोट घालून तीन दिवस त्या काट्याच्या केबिनमध्ये बसले. महामार्गाची धूळ खाल्ली. मधून मधून स्वतः काट्यावर उभे राहून आपलं वजनही करून घेतलं, पण काटा ट्रकांचा असल्यामुळे त्यानं आतोबांची दखल घेतली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या कारकुनाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "बाबा रे, ह्या खुर्चीवर बसून चूक होत नाय. जे झालं ती चोरीच आहे. पण तू सात ट्रकांची वजनं खोटी लिहिलीस आणि त्यांनी चाळीस लावलेत. तेहतीस ट्रकांसाठी मी लढतो." आणि त्या तेहतीस ट्रकांसाठी आतोबा दोन वर्षं लढले. चोर असला तरी त्याच्यावर त्यानं केलेल्या चोरीपेक्षा इंचभरही मोठी चोरी घालायची नाही, यावर त्यांची श्रद्धा होती. कारकुनाला सातांपुरती शिक्षा झाली. सुटून आल्यावर तो घरी जायच्या आधी आतोबांच्या पाया पडून गेला. आतोबा दिवसभर खूष होते. मला मात्र त्यांच्यासोबत त्या तीन दिवसांत धूळ खाऊन खोकला झाला तो महिनाभर गेला नाही.

त्यांचा हट्ट काय सांगावा. एका पावसाळ्यात अंबा नदीला पूर आला, नागोठण्याला पाणी भरलं, एस. टी. बंद. रोह्याला तारीख. आत्या म्हणाली, "कोर्टात तरी कोण येणार आहे आज?" आतोबांनी केसचे कागद खताच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले, एका ट्रकवाल्याशी बोलून लांबच्या रस्त्यानं निघाले, आणि गुडघाभर चिखलात दुपारी एकला रोह्याच्या कोर्टात उभे राहिले. मॅजिस्ट्रेट आले नव्हते. सरकारी वकील आले नव्हते. पाहुणासुद्धा आला नव्हता. एक शिरस्तेदार तेवढे होते. आतोबांनी आपण हजर असल्याची नोंद त्यांच्याकडून करून घेतली आणि माझ्या घरी येऊन कोरा चहा प्यायले. त्या दिवशी ते मला जगातले सगळ्यात समाधानी गृहस्थ वाटले, आणि थोडेसे वेडेही.

पण मला सांगायचं आहे ते गुरुजींच्या केसविषयी.

रोह्याच्या वर डोंगराकडे एक गाव आहे. भातानं आणि वालानं जगणारं. तिथे एक धान्यकोठी होती. आषाढात घरातलं भात संपलं की लोकांनी कोठीतून उचल घ्यायची आणि सुगी झाली की थोडी भर घालून परत करायची, अशी ती योजना. सचिव होते शाळेचे गुरुजी. किल्ली त्यांच्याकडे, वही त्यांच्याकडे, मापाची पायली त्यांच्याकडे. चार वर्षं चाललं. पाचव्या वर्षी तालुक्याहून एक अधिकारी तपासणीला आला, त्यानं वहीप्रमाणे भात किती हवं ते काढलं, आणि कोठीत तेवढं भात नव्हतं. सव्वीस मण कमी. गुरुजी निवृत्त व्हायला अकरा महिने उरले होते. त्यांना निलंबित केलं, कोठीला सील लागलं, आणि गुन्हा दाखल झाला. शिक्षा झाली असती तर पेन्शन गेलं असतं. पण पेन्शनपेक्षा मोठं काहीतरी गुरुजींचं आधीच जायला लागलं होतं, ते आम्हाला पुढे कळलं.

या केसमध्ये आतोबांची पंचाईत अशी झाली की बसायला खुर्चीच नव्हती. कोठीला सील. म्हणून ते दोन दिवस त्या सील केलेल्या दाराबाहेर एका दगडावर बसून राहिले. उंदरांची भोकं मोजली. मला त्या भोकांचा नकाशा काढायला लावला, आणि मी तो काढला. भात वाळून किती घटतं ते शेतकऱ्यांना विचारून घेतलं. हे सगळं धरूनही वीस-बावीस मण भाताचा पत्ता लागेना. तारखा पडत होत्या, आणि आतोबा जेवताना पहिल्यांदाच गप्प बसायला लागले. वकीलपत्रावर सही न करता कोर्टात उभं राहता येत नाही, म्हणून त्यांनी या एका केसमध्ये खुर्चीवर न बसता सही केली होती. ते त्यांना फार लागलं होतं.

एका रविवारी सकाळी मी पेणला गेलो होतो. ओटीवर गुरुजी बसलेले. धुतलेलं धोतर, टोपी मांडीवर. बारीक झाले होते. म्हणाले, "वकीलसाहेब, पुढल्या तारखेला मी कबूल करतो. जमीन इकून भरून देतो. झाला तेवढा बास."

"तुम्ही खाल्लंत का?" आतोबांनी विचारलं.

"तसा आठवत नाय."

"आठवत नाय म्हणजे?"

गुरुजींनी टोपी उलटी केली, सुलटी केली. "किल्ली माझ्याकडं. वही माझी. दुसऱ्या कुणाचा हात लागला नाय. मग भात गेला कुठं? मी रोज तोच इचार करतो. मंडळीला पण इचारला, घरी कधी आनला व्हता का गो? ती रडाय लागली. आता मलाच वाटतं, नेला आसंल मीच. पेपरात आला, सायेब म्हनतात, पोरं म्हनतात. सगळेच कसं खोटं बोलतील?"

 निर्दोष माणूस शिक्षेला घाबरतो, हे आतोबांनी खूप पाहिलं होतं. पण निर्दोष माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागलेला त्यांनी तोवर पाहिला नसावा. मला त्या वेळी आतोबांचा चेहरा बघवेना, म्हणून मी आत गेलो.

"कबूल करायचं नाय," बाहेरून त्यांचा आवाज आला. "जोवर भात कुठे गेलं ते मला कळत नाय, तोवर तुम्हाला तुमच्यावर आळ घ्यायचा अधिकार नाय."

गुरुजी उठले. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवणं आत्याच्या शिस्तीत बसत नव्हतं. गुरुजी नको नको म्हणत असताना तिनं डब्यातून पोहे काढले. पेणचे पोहे, घरी आणून ठेवलेले. पितळेच्या मापानं तिनं गुरुजींच्या पिशवीत दोन मापं ओतली. माप भरायची, वर पोह्यांचा डोंगर होई, थोडे पोहे ओघळून परातीत पडत, उरलेला डोंगर तसाच पिशवीत जाई. आतोबा दाराशी उभे राहून बघत होते.

"किती दिलेस?" त्यांनी विचारलं.

"दोन मापं."

"मग ते वरचं काय होतं?"

"शीग ती," आत्या म्हणाली. "देताना शीग लावून देतात."

"ती दोनात धरलीस?"

"शीग कशी धरायची? ती मोजायची नसते." आणि नवऱ्याला एवढंही कसं कळत नाही अशा नजरेनं बघून ती आत गेली.

आतोबा खाली बसले. गुरुजींना बसवलं. परात पुढे ओढली, माप त्यांच्या हातात दिलं. म्हणाले, "गुरुजी, मी कोठीवर उचल मागायला आलोय. द्या." गुरुजींनी माप भरलं. वर शीग. ओतलं. "आता मी परत करायला आलोय. घ्या." गुरुजींनी माप भरलं आणि तळहात काठावरून फिरवून वरचं झाडून टाकलं.

"हे का झाडलंत?"

"लोकांचं वरचं कसं घ्यायचं? बरं दिसतं का ते?"

चार वर्षं, प्रत्येक पायलीला. देताना शीग, घेताना सपाट. वहीत पायली ती पायलीच. गुरुजींना कुणीही विचारलं असतं की तुम्ही कसं मोजता, तर ते म्हणाले असते, पायलीनं. खोटं नव्हतंच ते. शीग सांगायची असते हे त्या गावात कुणाच्या डोक्यातच आलं नसतं, आणि आमच्या आत्याच्याही आलं नाही.

पुढचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत लाजिरवाणे दिवस होत. आतोबा स्कूटरवर मागे, मांडीवर भाताचं गाठोडं, हातात पायली. ज्याच्या त्याच्या दारात थांबायचं आणि सांगायचं, "आम्हाला एक पायली मोजून द्या." गागोद्याकडच्या वाटेवर एका बाईनं आम्हाला भिक्षेकरी समजून वर चार वांगी घातली. माझ्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आतोबांनी मुख्याध्यापकांकडून भात मोजून घेतलं, तेव्हापासून मुख्याध्यापक मला जरा हळू आवाजात बोलायला लागले. सगळ्यांच्या हातून देताना शीग लागली. सगळ्यांच्या. फक्त वडखळच्या एका दुकानदारानं पट्टी फिरवून काटेकोर सपाट पायली दिली. आतोबा त्याच्याकडे हळहळून बघत म्हणाले, "ह्याच्यावर कधीच केस होणार नाय." मग स्कूटरवर बसल्यावर काळजीनं म्हणाले, "तो तपासणी अधिकारी जर ह्या जातीचा निघाला, तर आपण बुडालो."

तारीख आली. रोह्याचं कोर्ट भरलेलं होतं, निम्मं गाव खाली आलं होतं. गुरुजी पिंजऱ्यात उभे, नजर जमिनीला. साक्षीला तो तपासणी अधिकारी. तरुण, नीटनेटका, वाईट माणूस नव्हता. आतोबांनी त्याला दोनच प्रश्न विचारले. पायली म्हणजे पायली, बरोबर? बरोबर. मोजणारा बदलला म्हणून त्यात कमी-जास्त होत नाही? नाही. आतोबांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. मग गाठोडं पुढे आणून साहेबांना म्हणाले, "साक्षीदारानं फक्त मोजून दाखवायचं आहे. पाच मिनिटं द्यावीत." सरकारी वकिलांनी हरकत घेतली. मॅजिस्ट्रेट बाहेरच्या जिल्ह्यातले होते. त्यांनी गाठोड्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "पाचच."

गावातली एक म्हातारी पुढे आली आणि पिशवी उघडून उभी राहिली. आतोबा अधिकाऱ्याला एवढंच म्हणाले, "यांना दोन पायल्या द्या." शीग हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. म्हातारी आपणहून म्हणाली, "द्या वो दादा." मी मागच्या बाकावर होतो. मला वडखळचा दुकानदार डोळ्यांपुढे दिसत होता. जन्मभराचं पेन्शन आणि एका माणसाचा स्वतःवरचा उरलासुरला विश्वास त्या तरुणाच्या मनगटात होता, आणि त्याला त्याची कल्पना नव्हती.

त्यानं पायली भरली. ओंजळीनं वर आणखी भात चढवलं. शीग लागली. अलगद, सांडू न देता, म्हातारीच्या पिशवीत ओतलं. दुसरी तशीच. शेतकऱ्याचंच पोर होतं ते.

"आता त्या दोन परत करतायत. घ्या."

अधिकाऱ्यानं पिशवीत पायली बुडवली, वर काढली आणि काठावरून हात फिरवला. दोन्ही वेळा.

"दोन दिल्या, दोन घेतल्या. व्यवहार पुरा?"

"पुरा."

"आजी, पिशवी दाखवा साहेबांना."

पिशवीच्या तळाशी दोन-तीन ओंजळी भात होतं. "हे कुणी खाल्लं?" आतोबांनी विचारलं. अधिकारी आपल्या तळहाताकडे बघत राहिला. त्यावर भाताची कुसळं लागली होती. तेवढ्यात म्हातारी घाबरून म्हणाली, "मी नाय खाल्लं वो सायेब, ह्या काय, हितंच हाय."

कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेटही हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी पहिल्यांदा मान वर केली आणि त्या पिशवीकडे असं बघितलं, जणू त्यात त्यांची चार वर्षं होती. मग पिंजऱ्यातच ते रडले. आतोबा पाठमोरे उभे राहून उगाच कागद लावत होते, आणि ते कागद उलटे होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. महिन्याभरानं निकाल लागला. निर्दोष.

गुरुजींकडे फी द्यायला काही नव्हतं आणि आतोबांनी मागितलीही नसती. पण गुरुजी ऐकेनात, तेव्हा आतोबा म्हणाले, "वर्षाला नवीन भाताची एक पायली द्या. सपाट." तेव्हापासून दरवर्षी सुगी झाली की गुरुजी पेणला येत. परातीत पायली मांडून भरत, आणि दरवर्षी वर शीग लागे. आतोबा तळहात फिरवून ती शीग गुरुजींच्या पिशवीत परत झाडत. "जास्तीचं नको. उद्या मीच आत जाईन." गुरुजी म्हणत, "काय करू, हात आयकत नाय." दोघं हसत. हे सहा वर्षं चाललं. आत्याला यात विनोद काय तो कधीच कळला नाही.

दशक संपता संपता, एका श्रावणात, आतोबा गेले. फार आजारी न पडता, दोन पाहुण्यांच्या तारखा बाकी ठेवून.

त्या वर्षी सुगीनंतर गुरुजी येतील की नाही, मला शंका होती. आले. मीही त्या दिवशी पेणलाच होतो. आत्यानं परात आणली. गुरुजींनी पायली मांडली, भरली, सवयीनं वर शीग चढवली, आणि तसेच थांबले. हात बाजूला घेऊन, पायलीकडे बघत. शिगेवरून दोन-चार दाणे घरंगळून परातीत पडले. मला वाटलं आपण हात फिरवावा. मी हात पुढेही केला. पण माझ्याच्यानं होईना.

"ओता गुरुजी," शेवटी आत्याच म्हणाली. "असू दे."

गुरुजींनी पायली उचलली आणि शिगेसकट तिच्या डब्यात ओतली. वरचं किती होतं, ते कुणी मोजलं नाही.